विश्लेषण : घरच्या फिश टँकसाठी ॲक्रिलिक शीट किती जाडीची हवी?

दोन मिनिटांच्या व्हिडीओत घरी फिश टँक बनवणे फार सोपे दिसते. चार पारदर्शक तुकडे, एक तळ, थोडे चिकटवायचे आणि पाणी सोडायचे. प्रत्यक्षात ॲक्रिलिकच्या दुकानात पोहोचल्यावर समोरून पहिला प्रश्न येतो, 'किती एमएमची शीट देऊ?' बहुतेकांची गाडी इथेच अडते. मग बजेटमध्ये जी बसते, ती शीट घरी येते.

प्रस्तुत लेखकानेही इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी हेच केले होते. दोन फूट लांबीची टाकी, ४ एमएमची शीट आणि जोडायला काचेच्या टाकीसाठी मिळते ते सिलिकॉन. अकराव्या दिवशी पहाटे मागचा जोड सुटला. सुमारे ७० लिटर पाणी भाड्याच्या खोलीभर पसरले, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छतातून टपकू लागले आणि फिल्टरचा एक्स्टेन्शन बोर्ड पाण्यात बुडाला. मेन स्विच वेळेत बंद केला म्हणून निभावले. सहापैकी दोनच मासे वाचले. शीट आणि जोड या दोन्ही चुका दुकानाच्या काउंटरवरच झाल्या होत्या. त्या कशा टाळता येतील, ते समजून घेऊ.

ॲक्रिलिक म्हणजे नेमके काय?

ॲक्रिलिक म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट किंवा 'पीएमएमए' हे पारदर्शक प्लास्टिक. जर्मनीत ऑटो रोम यांच्या कंपनीने १९३३ मध्ये ते 'प्लेक्सिग्लास' या नावाने बाजारात आणले. आपल्याकडे दुकानांच्या पाट्या, ट्रॉफी, नंबर प्लेट यांमध्ये ते रोज दिसते. मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयांचा कारभार तर याच प्लास्टिकवर चालतो. जपानमधील ओकिनावा चुराउमी मत्स्यालयाच्या मुख्य टाकीची ॲक्रिलिक भिंत २२.५ मीटर रुंद, ८.२ मीटर उंच आणि तब्बल ६० सेंटीमीटर जाड आहे. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे नूतनीकरण होऊन ते २०१५ मध्ये खुले झाले, तेव्हा तिथला १२ फूट लांबीचा बोगदाही ॲक्रिलिकचाच होता.

काचेपेक्षा ते चांगले की वाईट?

दोन्ही बाजू आहेत. ॲक्रिलिकची घनता १.१९, तर काचेची सुमारे २.५. म्हणजे त्याच मापाची, त्याच जाडीची ॲक्रिलिकची टाकी निम्म्याहून कमी वजनाची होते. ते सुमारे ९२ टक्के प्रकाश आरपार जाऊ देते. जाड काचेत दिसते तशी हिरवट झाक त्यात नसते. धक्का लागला तर काचेसारखे सहज तडकत नाही. नीट जोडले तर कोपऱ्यातला जोड जवळपास दिसत नाही.

आता दुसरी बाजू. ॲक्रिलिक मऊ असते. शेवाळ काढताना स्पंजात वाळूचा एक कण अडकला, तरी कायमचा ओरखडा उमटतो. बाहेरून पडलेले ओरखडे बारीक नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासून काढता येतात, पण ते चिकाटीचे काम आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ॲक्रिलिक वाकते. काच त्याच्या साधारण २३ पट ताठ असते. ६ एमएमच्या काचेइतका ताठपणा हवा असेल, तर ॲक्रिलिक जवळपास १७ एमएमचे घ्यावे लागेल. प्रत्यक्षात इतकी जाड शीट कुणी वापरत नाही, कारण ॲक्रिलिक थोडे फुगले तरी फुटत नाही. मात्र 'काचेची टाकी सहा एमएमची असते, मग हीही सहाचीच करू' हा हिशेब पूर्णपणे चुकीचा आहे.

दोन फुटांपर्यंतची साधी चौकोनी टाकी हवी असेल, तर काच स्वस्त पडते आणि जोडायलाही सोपी असते. वजन कमी हवे, घरात लहान मुले आहेत किंवा वेगळा आकार हवा, तर ॲक्रिलिकचा विचार करावा.

शीटची जाडी कशावर ठरते?

बहुतेक जण टाकी किती लिटरची, यावरून जाडी ठरवू पाहतात. शीटवर येणारा दाब मात्र लिटरवर ठरत नाही, तो पाण्याच्या उंचीवर ठरतो. एक फूट उंच पाण्याच्या तळाशी दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलोचा दाब असतो. टाकी एक फूट रुंद असो की चार फूट, समोरच्या शीटच्या तळाशी दाब तितकाच राहतो. म्हणजे टाकी पुढून मागे जास्त खोल केली, तर पाणी वाढते, पण समोरच्या शीटवरचा भार वाढत नाही.

उंची वाढवली की मात्र चित्र बदलते. दाब वाढतो आणि तो झेलणारी शीटही उंच होते. त्यामुळे उंची दुप्पट केली, तर समोरच्या शीटवरचा एकूण भार चौपट होतो.

तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे साधारण ९० × ४५ × ४५ सेंटीमीटरची टाकी घेऊ. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे १८२ लिटर पाणी मावते. फक्त समोरच्या शीटवर सुमारे ९० किलोचा भार येतो. एक धडधाकट माणूस त्या शीटला रात्रंदिवस, वर्षानुवर्षे आतून टेकून उभा आहे, असे समजा.

मग नेमकी किती एमएमची शीट घ्यावी?

याच टाकीचा साधा हिशेब करू. समोरची शीट तळाशी आणि वरच्या कडेला घट्ट धरलेली आहे, असे गृहीत धरले तर वेगवेगळ्या जाडीच्या शीटमध्ये निर्माण होणारा ताण असा येतो : ६ एमएममध्ये साडेनऊ मेगापास्कलच्या वर, ८ एमएममध्ये सुमारे ५.४, १० एमएममध्ये सुमारे ३.४ आणि १२ एमएममध्ये सुमारे २.४ मेगापास्कल.

ॲक्रिलिकची ताण सहन करण्याची क्षमता ७० मेगापास्कलच्या आसपास असते. मग साडेनऊने काय बिघडते, असा प्रश्न पडेल. ७० हा आकडा प्रयोगशाळेत काही मिनिटांत ओढून तोडलेल्या तुकड्याचा असतो. कायम पाण्यात आणि कायम भाराखाली असलेल्या शीटवर त्याच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त, म्हणजे साधारण सात मेगापास्कलपेक्षा जास्त ताण येऊ देऊ नये. या निकषावर ६ एमएम थेट बाद होते. ८ एमएम पास होते, पण शीट आणि जोड दोन्ही निर्दोष असतील तरच. शहाणपणाची निवड १० एमएमची.

पहिल्यांदा टाकी बनवणाऱ्यांसाठी ढोबळ नियम असा : उंची एक फूट असेल तर ६ एमएम, दीड फूट असेल तर १० एमएम आणि दोन फूट असेल तर १५ एमएम किंवा त्याहून जाड. हा नियम साधारण चार फूट लांबीपर्यंतच्या आणि वरून कॉलर बसवलेल्या टाक्यांसाठी आहे. दोन फूट उंचीची टाकी पहिल्याच प्रयत्नात करू नये.

कॉलर म्हणजे टाकीच्या वरच्या काठावर सर्व बाजूंनी आडवी चिकटवलेली पट्टी. ती चार तुकडे जोडून करण्यापेक्षा एका अखंड शीटमधून मधला भाग कापून काढावी आणि आतले कोपरे काटकोनात न ठेवता गोल ठेवावेत. काटकोनी कोपऱ्यात ताण एकवटतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. कॉलर नसेल तर शीट वरच्या कडेला मोकळी राहते आणि वरचा सगळा हिशेब कोलमडतो.

या टाकीला शीट किती लागेल? तळ, पुढची-मागची बाजू, दोन लहान बाजू आणि कॉलर मिळून सुमारे २२ चौरस फूट. बाजारात ८ × ४ फुटांची शीट मिळते, म्हणजे ३२ चौरस फूट. नीट आखणी केली तर सगळे तुकडे एकाच शीटमधून निघतात. शीट घेण्याआधी ही आखणी कागदावर करून न्यावी.

पहिल्या दिवशी टिकली म्हणजे झाले का?

नाही. ॲक्रिलिकबाबत सर्वांत फसवी गोष्ट हीच आहे. कमी जाडीची टाकी पाणी भरल्याबरोबर फुटत नाही. ती आठवडाभर, कधी वर्षभरही व्यवस्थित उभी राहते. सततच्या भाराखाली प्लास्टिक हळूहळू सरकत, वाकत जाते. पहिल्या दिवशी चार एमएम फुगलेली शीट काही महिन्यांनी त्याच्या दुप्पट फुगलेली असू शकते. जोडाच्या कडा उघडू लागतात. ताण जास्त असेल तिथे केसासारख्या बारीक चिरा उमटतात. प्रकाशात तिरके पाहिल्यावर त्या चांदीसारख्या चमकतात. हा धोक्याचा इशारा समजावा.

बर्लिनमधील एका हॉटेलच्या लॉबीत असलेले 'ॲक्वाडोम' हे दंडगोलाकार ॲक्रिलिक मत्स्यालय १६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे फुटले. त्यात सुमारे दहा लाख लिटर पाणी आणि दीड हजार मासे होते. हे मत्स्यालय २००३ पासून उभे होते. पहाटेची वेळ असल्याने लॉबी रिकामी होती आणि मोठी मनुष्यहानी टळली. पुढे झालेल्या तज्ज्ञ तपासणीत एकच ठाम कारण सांगता आले नाही, मात्र तीन शक्यता पुढे आल्या. जोडातील दोष, दुरुस्तीच्या वेळी ॲक्रिलिकला पडलेली खाच आणि दुरुस्तीसाठी रिकामे केल्यावर ते पुन्हा भरण्यास झालेला उशीर.

तिसरी शक्यता अनेकांना चकित करेल. ॲक्रिलिक थोडे पाणी शोषते आणि किंचित फुगते. वाळले की आकसते. वर्षानुवर्षे पाण्यात असलेली शीट आतून वाळू लागली की तिच्यात नवे ताण तयार होतात. घरची टाकी इतकी मोठी नसते, पण बोध तोच आहे. जोड, खाच आणि वाळणे या तिन्हींकडे लक्ष हवे. टाकी साफसफाईसाठी रिकामी केली, तर ती आठवडेच्या आठवडे उन्हात कोरडी ठेवू नये.

कास्ट की एक्स्ट्रुडेड?

दुकानात दोन्ही शीट शेजारी ठेवल्या तर फरक दिसत नाही, किमतीत मात्र तो जाणवतो. कास्ट शीट दोन काचांच्या मधल्या पोकळीत द्रव ओतून, तो घट्ट होऊ देऊन बनवतात. एक्स्ट्रुडेड शीट वितळलेले प्लास्टिक साच्याच्या फटीतून दाबून, ओढून काढतात. कास्टमध्ये रेणूंच्या साखळ्या लांब असतात, आतले ताण कमी असतात आणि जोडण्याच्या द्रावकाचा मारा ती जास्त चांगला सोसते. एक्स्ट्रुडेड शीटला द्रावक लागला की कडेला बारीक चिरा पडण्याची शक्यता जास्त. टाकीसाठी कास्टच घ्यावी.

ओळखायचे कसे? कापणी करणाऱ्याला एक छोटा तुकडा कापायला सांगावा. कास्टचा भुसा कोरडा, सुटा पडतो. एक्स्ट्रुडेड वितळून पात्याला चिकटते. लेझर मशिनवर नाव कोरून पाहिले तर कास्टवर अक्षरे पांढरी, धुरकट उमटतात आणि एक्स्ट्रुडेडवर ती फिकी, जवळपास पारदर्शक राहतात.

एक्स्ट्रुडेड शीटची जाडी मात्र सगळीकडे एकसारखी असते. कास्टची जाडी जागोजागी बदलू शकते आणि '१० एमएम' म्हणून घेतलेली शीट काही ठिकाणी ९ एमएम भरू शकते. हा एक मिलिमीटर किरकोळ वाटतो, पण त्यामुळे ताण जवळपास २३ टक्क्यांनी आणि फुगवटा सुमारे ३७ टक्क्यांनी वाढतो. म्हणून व्हर्निअर कॅलिपर सोबत न्यावा आणि चारही कडांची जाडी मोजावी.

'व्हर्जिन' आणि 'रिसायकल' हाही फरक असतो. जुने ॲक्रिलिक वितळवून, त्यातून पुन्हा कच्चा माल काढून बनवलेली शीट स्वस्त पडते. कड पांढऱ्या कागदावर धरून पाहिली तर अनेकदा पिवळट झाक दिसते. पाटीसाठी ती चालेल, टाकीसाठी नको. पॉलिस्टायरीनची शीटही ॲक्रिलिकसारखीच दिसते, पण ती ठिसूळ असते. बिलावर 'कास्ट ॲक्रिलिक' आणि जाडी असे स्पष्ट लिहून घेतलेले बरे.

जोडायचे कशाने?

काचेच्या टाकीत काम करणारे सिलिकॉन ॲक्रिलिकला नीट धरत नाही. काही दिवसांनी ते सालीसारखे सुटून येते. ॲक्रिलिक द्रावकाने जोडतात. द्रावक दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवतो, ते एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेला की एकसंध जोड राहतो. आपल्याकडे पाट्या बनवणारे बरेच कारागीर यासाठी क्लोरोफॉर्म वापरतात. डायक्लोरोमिथेन असलेली ॲक्रिलिक सिमेंटेही मिळतात. दोन्हींची वाफ आरोग्याला घातक असते. बंद खोलीत, मुलांसमोर हे काम अजिबात करू नये. दारे-खिडक्या उघड्या, पंखा सुरू आणि हातात योग्य मोजे हवेत. साधा कापडी मास्क या वाफेपुढे निरुपयोगी आहे. सवय नसेल तर जोडणीचे काम अनुभवी फॅब्रिकेटरकडेच द्यावे.

कडेची तयारीही तितकीच महत्त्वाची आहे. लेझरने कापलेली कड चकचकीत दिसते, पण उष्णतेने तिच्यात ताण भरलेला असतो. द्रावक लागताच तिथे चिरा पडू शकतात. ज्योत फिरवून चमकवलेल्या कडेचेही तसेच. जोडाच्या कडा सीएनसी राउटरने सरळ करून घ्याव्यात आणि ज्योतीचे पॉलिश जोडायच्या कडांना करू नये. तयार जोडात बुडबुडे दिसत असतील, तर तेवढी जागा चिकटलेलीच नाही असे समजावे.

टाकी ठेवायची कुठे?

वरच्या टाकीचे पाणी, रेती, शीट आणि स्टँड मिळून वजन अडीचशे किलोच्या आसपास जाते. घरातील खोल्यांसाठी भारतीय मानक 'आयएस ८७५' दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो भार गृहीत धरते. टाकी केवळ ०.४ चौरस मीटर जागेवर उभी राहते. तो भारांक अख्ख्या खोलीसाठी असल्याने घाबरण्याचे कारण नाही. तरी टाकी भिंतीलगत, खाली तुळई असलेल्या बाजूला ठेवावी. खोलीच्या मध्यभागी किंवा पुढे झुकलेल्या गॅलरीत ठेवू नये. इमारत जुनी असेल किंवा टाकी याहून मोठी असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारावे.

स्टँडबाबत काचेचा अनुभव इथे लागू करू नये. फक्त चार कडांवर आधार देणारी लोखंडी अँगलची चौकट ॲक्रिलिकला पुरत नाही, कारण तळ मधे झोळ खातो. पूर्ण तळाखाली १८ एमएमचा वॉटरप्रूफ प्लाय सपाट, लेव्हलमध्ये हवा. इलेक्ट्रिक बोर्ड पाण्याच्या पातळीपेक्षा वर लावावा आणि वायरला खाली झोळ द्यावा, म्हणजे थेंब वायरवरून प्लगपर्यंत जाणार नाहीत. थंडीत हीटर लावलात तर तो शीटला टेकणार नाही, हे पाहावे.

पाणी भरण्याआधी काय तपासावे?

जोडल्यानंतर किमान आठवडाभर टाकी हवेशीर जागी तशीच राहू द्यावी. मग ती गच्चीवर किंवा बाथरूमजवळ, सपाट आधारावर ठेवून टप्प्याटप्प्याने भरावी. पहिल्या दिवशी एक तृतीयांश, दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश, तिसऱ्या दिवशी पूर्ण. भरलेली टाकी आठवडाभर मासे न सोडता ठेवावी. समोरच्या शीटला सरळ पट्टी आडवी लावून मधला फुगवटा मोजावा आणि लिहून ठेवावा. पहिल्या दोन-तीन दिवसांत तो थोडा वाढतो आणि मग जवळपास स्थिरावतो. आठवड्यानंतरही रोज वाढत असेल किंवा जोडात चमकणाऱ्या चिरा दिसू लागल्या, तर टाकी रिकामी करावी. तिथे वरून सिलिकॉन फासून उपयोग नाही.

नंतरची काळजी सोपी आहे. टाकी पुसायला साधे पाणी आणि मऊ सुती किंवा मायक्रोफायबर कापड पुरते. काच पुसायचे निळे स्प्रे, सॅनिटायझर, थिनर जवळही आणू नये. अल्कोहोल आणि अमोनियाने ॲक्रिलिकला चिरा पडतात.

दुकानात जाण्याआधी टाकीची उंची ठरवा आणि त्यावरून जाडी काढा. पैसे कमी पडत असतील तर शीट पातळ करण्याऐवजी टाकीची उंची कमी करावी. दीड फुटाऐवजी एक फूट उंची ठेवली, तर समोरच्या शीटवरचा भार निम्म्याहूनही कमी होतो, ६ एमएमची शीट पुरते आणि माशांना पोहायला लांबी तेवढीच राहते. खालच्या मजल्यावरच्या काकूंनाही छताकडे पाहत बसावे लागत नाही.